अण्णांसमोरचे डॉक्टर

"तोंड बंद, पाय वर."

आमच्या डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य. पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत ते सुटायचं. एखादे पाटील आपल्या दुखण्याची हकीकत पार आजोबांच्या काळापासून सांगायला लागले, की डॉक्टर टेबलाला वळसा घालून यायचे, त्यांच्यापुढे उकिडवे बसायचे आणि स्वतःच त्यांची चप्पल काढायचे. मग पावलावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचे. तिथे एक नाडी असते. ती लागली तर रक्त खालपर्यंत पोचतंय. नाही लागली तर वर कुठेतरी वाट बंद झालेली आहे.

आता आपल्याकडे पायाला हात लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. म्हातारी माणसं दचकून पाय मागे ओढायची. नेसरीकडची एक आजी तर पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घालून बसली. "अय्य शिवने! एवढा मोठा डॉक्टर माझ्या पाया पडायला लागलाय, आन् माझ्या टाचा बगा की कशा फुटल्यात!"

डॉक्टर खालूनच ओरडले, "आजी, पाया पडत न्हाय मी, पाय वाचवतोय. द्या हिकडं!"

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांना पायाची लाज वाटायची. माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे येतो, आणि दाखवायचं काय, तर फडक्यात गुंडाळलेलं, वास मारणारं बोट. काही जण फडकं सोडताना माझ्याकडे बघायचेच नाहीत. डॉक्टरांना कशाचीच किळस नव्हती. "लाज तंबाखूची डबी उघडताना वाटायला पायजे हुती," म्हणायचे, आणि ते बोट आपल्या तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बघत बसायचे.

मी त्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं सिस्टर होते. ओपीडी माझ्याकडे आणि वॉर्डही माझ्याकडे. त्यांचं ओरडणं ऐकून पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन रडले होते. नंतर मी पण उलट बोलायला लागले, तेव्हा कुठे आमचं जमलं.

पायाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीला बाजूने दुसरी वाट काढून देणं, बायपास करणं, हे त्यांचं मुख्य काम. ती वाट दोन तऱ्हांनी करता येते. पेशंटच्याच पायातली एक लांब शीर काढून जोडायची, नाहीतर कंपनीची तयार नळी बसवायची. आणि इथेच आमच्या लोकांचं घोडं अडायचं. तयार नळी म्हणजे नवीकोरी, बाहेरच्या देशातली. आपली शीर म्हणजे वापरलेली. शिवाय ती काढायला मांडीपासून खालपर्यंत कापायचं.

कळंब्याचे एक दूधवाले मामा होते. ते म्हणाले, "डॉक्टर, ती भारीतली नळीच घाला की. घरातलंच उचकटून घरातच कशाला लावताय?"

झालं. डॉक्टरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "पावणं, पाय तुमचा हाय का कंपनीचा? मांडीपुरतं काम असतं तर घातली असती नळी, चालती तिथं बऱ्यापैकी. तुमचं गुडघ्याच्या खाली उतरायचं हाय. तिथं नळी लवकर बंद पडती. शीर जिती असती, ती टिकती. पटत नसंल तर दार तिकडं हाय!"

मामा खरोखरच दाराकडे गेले. डॉक्टर त्यांच्यामागून गेले, त्यांच्या बायकोला बाहेर बाकावर बसवून पुन्हा सगळं सांगितलं, मग मुलाला फोन लावून सांगितलं, मग पुन्हा मामांवर ओरडले. दुपारपर्यंत मामा शीर द्यायला तयार. ऑपरेशन झाल्यावर पहिले काही दिवस ते डॉक्टरांना शिव्या घालत होते. चालायला लागल्यावर घरचं लोणी घेऊन आले.

असे हे डॉक्टर. कुणाचंही न ऐकणारे, मंत्र्यांच्या मेहुण्यालासुद्धा रांगेत बसवणारे. पण जगात एक माणूस असा होता, की तो दारात दिसला की आमचे डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. ते म्हणजे अण्णा, त्यांचे थोरले भाऊ.

अण्णांची गडहिंग्लजला मिरचीची अडत. वडील लवकर गेले, त्यामुळे दुकान, आई, बहिणींची लग्नं, धाकट्याचं शिक्षण, सगळं अण्णांनीच ओढलं. त्यांच्या घरात एक रीत होती. अण्णांनी काही सांगितलं की बाकीच्यांनी "आयतु अण्णा" म्हणायचं. आयतु म्हणजे कानडीत बरं. ते म्हटलं की विषय संपला. अण्णांसमोर दुसरं वाक्य बोलायची पद्धतच नव्हती त्या घरात, बायकांना नाही, पोरांना नाही आणि सर्जन झालेल्या भावालाही नाही.

अण्णा कामासाठी कोल्हापूरला आले की दवाखान्यात डोकवायचे. सरळ डॉक्टरांच्याच खुर्चीत बसायचे. अंगाला मिरचीचा खाट असा, की मला दारातच शिंक यायची. डॉक्टर भिंतीशी हात बांधून उभे. एकदा अण्णांनी विचारलं, "पेशंटवर वरडतोस म्हणं तू?"

"न्हाय अण्णा."

बाहेर बाकांवर बसलेली सगळी रांग फिसकन हसली. मी पण हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं.

मग अण्णांचाच पाय दुखायला लागला. त्यांनी तो बरेच दिवस लपवला. घरात मोजे घालून हिंडायचे, रात्री पाय खाटेखाली सोडून बसायचे. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे डॉक्टरांच्या वहिनींनी, त्यांना गाडीत घालून आणलं. अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला काय झालं न्हाय. ही म्हणती म्हणून आलो."

डॉक्टरांनी आपलं पहिलं वाक्य म्हटलं नाही. ते वाट बघत उभे राहिले. मोजा मीच काढला. अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. डॉक्टर खाली बसले आणि पावलावर बोटं ठेवली. नाडी नव्हती, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं. तरी बराच वेळ त्यांनी बोटं उचलली नाहीत.

अण्णांना वॉर्डात ठेवून तपासण्या झाल्या. वाट मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत बंद. बायपास करायला हवी होती आणि करता येण्यासारखीही होती. अडचण एकच. त्या पायातली शीर पूर्वीच फुगली होती म्हणून काढून टाकलेली. म्हणजे आता शीर घ्यायची तर दुसऱ्या, चांगल्या पायातून.

अण्णांनी चांगल्या मांडीवर थाप मारली. "ह्यो पाय धड हाय. ह्याला हात लावायचा न्हाय. बाहेरची नळी मिळती म्हणं, ती घाल. चांगली बगून घाल."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आता "पावणं, पाय तुमचा हाय का कंपनीचा" येणार म्हणून मी खिडकी लावून घ्यायला निघाले होते.

"आयतु अण्णा," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, नंतर सांगतील. त्यांनाही तसंच वाटत होतं. "उद्या बोलतो त्यांच्याशी, निवांत," असं ते आपणहून मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी औषधांची ट्रॉली घेऊन केबिनमध्ये गेले, तर आत कुणी नाही आणि डॉक्टर रिकाम्या खुर्चीशी बोलतायत. "अण्णा, जरा ऐका. आपली शीर जास्त टिकती. गुडघ्याच्या खाली नळीचं काय हुतंय..." मला बघून ते खोकले आणि टेबलावरची पेनं सरळ करायला लागले. मग उठून वॉर्डात गेले. परत आले ते अण्णांचा पंखा जरा आवाज करतोय, दुसरा बसवा, असं सांगत.

ऑपरेशन नळीचंच झालं. हात मात्र सोन्याचा होता त्यांचा, ते मी कधीही सांगेन. संध्याकाळी अण्णांचं पाऊल गरम लागलं. काळं टोक गळून पडलं आणि अंगठा भरून आला. अण्णा घरी गेले, दुकानात बसायला लागले. डॉक्टर रोज वहिनींना फोन करायचे. "पाय गरम हाय न्हवं?" एवढंच. त्या हो म्हणाल्या की डॉक्टर फोन ठेवायचे आणि पुढच्या पेशंटवर नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडायचे. काही नळ्या वर्षानुवर्षं चालतात. आपली पण चालेल, असं मलाही वाटायला लागलं होतं.

नाही चालली. एका दुपारी अण्णांना गाडीतून उतरवून स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तो पाय पांढराफटक होता आणि फरशीसारखा गार. डॉक्टरांनी नळी उघडून आतली गुठळी काढली. ती पुन्हा बंद पडली. खालच्या बारीक वाहिन्यांतही गुठळ्या गेल्या होत्या. आता दुसऱ्या पायातली शीर आणली तरी तिला जोडायला खाली जागाच उरली नव्हती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या कुणाला तरी बोलवू या, असं मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "नको. हे मलाच करायला पायजे." आणि केलं. मी समोर उभी होते. त्यांनी ते कसं केलं, त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

शीर घातली असती तर पाय राहिलाच असता, असं शपथेवर कुणीच सांगू शकत नाही. पण अण्णांना निवडायला मिळालंच नव्हतं. दूधवाल्या मामांना मिळालं ते सख्ख्या भावाला मिळालं नाही.

नेमके ते मामा त्याच वेळी ठेच लागलेल्या बोटाच्या ड्रेसिंगला वॉर्डात आलेले. ते शेजारच्या खाटेवर बसून वहिनींना मोठ्या कौतुकाने सांगायला लागले, की डॉक्टरांनी मला कसं झापलं, कशी शीर घ्यायला लावली, आणि बगा आता कसा टणाटण चालतोय. मी त्यांना खुणा करत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. वहिनींचा चेहरा बदलत गेला. डॉक्टर राउंडला आले तेव्हा खाटेभोवती सगळं घर होतं. अण्णांचा मुलगा, दोघी बहिणी, गावाकडचे पाहुणे. वहिनींनी सगळ्यांदेखत विचारलं.

"भावजी, शीर जास्त टिकती म्हणं. मग ह्यास्नी का न्हाय सांगितलंत तुम्ही?"

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. उत्तर अण्णांकडून आलं, पडल्या पडल्या.

"सांगितलेलं त्यानं. चांगलं तीनदा सांगितलेलं. मीच ऐकलं न्हाय. त्याला काय इचारतीस?"

मी तिथे फाईल धरून उभी होते. अण्णा खोटं बोलतायत हे त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं.  डॉक्टरांनी मान खाली घातली आणि त्या खोट्याला तसंच राहू दिलं. एका पायाचा माणूस दुसऱ्याची अब्रू झाकत होता, आणि ज्याची झाकली जात होती तो गप्प होता. मला इतकी लाज वाटली, की मी उगीचच सलाईनची बाटली बघायला गेले. ती नुकतीच लावलेली होती.

त्यानंतर डॉक्टर ओरडायचे बंद झाले. तुम्हाला वाटेल, बरं झालं. पेशंटांना मात्र ते अजिबात आवडलं नाही. "डॉक्टर आजारी हायत काय वो?" मला बाहेर येऊन विचारायचे. शीर आणि नळीचं ते आता प्रत्येकाला सांगायचे, पण हळू आवाजात, समोरच्याच्या गुडघ्याकडे बघत. तोंडाकडे बघतच नसत. दिवाळीला गडहिंग्लजला गेले नाहीत. ऑपरेशन आहे म्हणून कळवलं. त्या दिवशी दवाखान्यात एकही ऑपरेशन नव्हतं. ते केबिनचं दार लावून बसले होते आणि मी घरून आणलेला फराळ तसाच पडला होता.

अण्णांना कृत्रिम पाय बसला. ते काठी घेऊन चालायला लागले. आणि मग राहिलेला पायही रात्री दुखायला लागला. हा रोग एका पायावर भागवत नाही.

ते आले तेव्हा बरोबर वहिनी आणि मुलगा होता. अण्णा सवयीने डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. तपासण्यांचे कागद टेबलावर होते. पुन्हा तेच, वाट गुडघ्याखालपर्यंत बंद. फरक इतकाच, की ह्या पायात ह्याच पायाची शीर शाबूत होती.

"ह्योबी तूच कर," अण्णा म्हणाले. "आन् नळीच घाल. एवढा एक पाय उरलाय, तो वरपासनं खालपतोर चिरून घेनार न्हाय मी."

डॉक्टर भिंतीशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला तो शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता.

"न्हाय अण्णा."

आवाज इतका बारीक होता, की अण्णांनी "काय?" म्हणून विचारलं.

"न्हाय. नळी घालायची न्हाय. शीरच घालायची. आन् मागच्या येळेला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. एकदाबी न्हाय. तुम्ही म्हणालात आन् मी हूं म्हटलं. सगळ्या जगाला सांगतो आन् तुम्हाला सांगायला माझी जीभ उचलली न्हाय."

मुलगा वडिलांकडे बघायला लागला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. अण्णांचा चेहरा लाल झाला.

"मी सगळ्यांदेखत सांगितलंय, त्यानं सांगितलेलं म्हणून. माझ्या पोरासमोर मला खोटं पाडतोस?"

"व्हय अण्णा." डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "आन् हे ऑपरेशन मी करणार न्हाय. तुमच्यासमोर मी डॉक्टर ऱ्हातच न्हाय. दुसऱ्याकडनं करून घ्या. जो तुम्हाला न्हाय म्हणू शकतोय असल्याकडनं."

अण्णा उठले. मुलाने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. दवाखान्याच्या लांब पॅसेजमधून काठी टेकत ते निघून गेले. भावाला साधं "येतो" म्हणाले नाहीत. डॉक्टर दारापर्यंतही गेले नाहीत.

शहरातल्याच दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. वहिनींनी अण्णांना कसं तयार केलं, ते त्यांनाच ठाऊक. पन्नास वर्षांत साठलेली दुसरी वाक्यं त्यांनी बहुतेक एकदम काढली असतील. त्या सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जावा तिथं. त्यांना ओळखीचं माणूस दिसू दे." मी रिक्षा बघायला लागले, तर म्हणाले, "मी सोडतो की."

सोडून ते परत गेले नाहीत. गाडी त्या दवाखान्याच्या आवारात, कडेच्या झाडाखाली लावली आणि आत बसून राहिले. मी वर बोलावलं. "नको," म्हणाले, "मला बघून त्यांचं बीपी वाढंल." खरं काय ते मला दिसत होतं. भावापुढे जायला त्यांना तोंड नव्हतं. आधी खरं लपवल्यामुळे नव्हतं, आता खरं बोलल्यामुळे नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं, शीर घालून. अण्णांना बाहेर आणल्यावर मी पांघरूण वर करून पावलाला हात लावला. मग खिडकीशी जाऊन फोन केला. "सर, पाय गरम आहे."

 "नाडी?"

"लागते. चांगली लागते."

फोन बंद झाला. मला वाटलं, आता येतील वर. मी जिन्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी अण्णा नीट शुद्धीवर आले. वहिनींकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मग दाराकडे. बराच वेळ दाराकडेच बघत होते. शेवटी मला जवळ बोलावलं.

"तो आला न्हाय?"

"खाली आहेत अण्णा. गाडीत बसलेत. सकाळपासून."

अण्णांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. "बोलव जा त्याला. मी बोलावलंय म्हणावं."

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. इतकी वर्षं त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण त्या दिवशी त्याला हा निरोप सांगायला मी अक्षरशः पळत होते. झाडाखालची जागा रिकामी होती. वॉचमन म्हणाला, "ते साहेब व्हय? फोन आला आन् स्टेरिंगवर डोकं टेकून लई रडलं. मग गेलं." मी फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

मी एकटीच वर आले. काही बोलायची गरज पडली नाही. माझ्या मागे दारात कुणी नाही, हे अण्णांनी बघितलं होतं.

"गेला?"

"हो."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या, अण्णांनी हाताने थांबवलं. छताकडे बघत पडून राहिले. मग हळूच मला विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लं तरी असंल काय गं त्यानं?"

"नाही," मी म्हणाले.